फ्रेंच शेजारणीला बेसिक इंग्लिश शिकवायचंय, सुरुवात कुठून करू? (शब्द, क्रियापदं आणि ते इन-ऑन-ॲट)

गारोनकाठची

नमस्कार मंडळी, इथे बहुतेक जण आपण फ्रेंच कसं शिकायचं ते विचारायला येतात, माझं उलटं आहे. आम्ही फ्रान्समध्ये तुलूजला असतो. आमच्याच मजल्यावर एक फ्रेंच बाई राहतात, साठी ओलांडलेल्या, नुकत्याच रिटायर झाल्यात. त्यांची मुलगी आयर्लंडला कॉर्कमध्ये असते, जावई आयरिश आणि नातू चार वर्षांचा. नातवाला फ्रेंच कळतं पण पठ्ठ्या उत्तर इंग्लिशमध्येच देतो, आणि विहीणबाईंना तर फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, त्यामुळे दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसतात म्हणे. आता उन्हाळ्यात महिनाभर तिकडे जायचंय तर त्यांनी मला गळ घातलीये की तू शिकव. का तर मी इंडियन, म्हणजे मला इंग्लिश येतंच! मी साताऱ्याची मराठी मीडियमवाली आहे हे त्यांना कोण सांगणार.

बाई हुशार आहेत, शाळेत इंग्लिश होतं पण त्याला ४०-४५ वर्षं झाली. त्यांनी स्वतःच एक वही केलीये, त्यात फळं, प्राणी, रंग, भाज्या सगळं लिहून पाठ केलंय. पण वाक्य बोलायला गेल्या की गाडी अडते. "आय हॅव सिक्स्टी-टू इयर्स" म्हणतात, "आय वेट माय डॉटर" म्हणतात, "इट मेक्स कोल्ड" म्हणतात. मला चूक आहे हे कळतं पण का चूक आहे ते सांगता येत नाही. माझं फ्रेंच कामचलाऊ आहे, दुकान-डॉक्टर-शाळा एवढ्यापुरतं, त्यामुळे ग्रामर समजावणं वगैरे जमणार नाही.

तर प्रश्न असा की शब्द आधी वाढवू का क्रियापदं घेऊ का थेट प्रीपोझिशन्स? आणि फ्रेंच माणूस इंग्लिशमध्ये नेमका कुठे कुठे अडतो हे कुणाला माहिती असेल तर सांगा. पुण्यात फ्रेंच शिकवणारे बरेच जण आहेत इथे म्हणून विचारतेय.

पेठेतली_फ्रेंचवाली

अगदी माझ्या आवडीचा विषय काढलास. मी पुण्यात फ्रेंच शिकवते, म्हणजे तुझ्या उलट दिशेने, पण दोन्ही भाषा शेजारी ठेवून बघायची सवय लागलीये त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, ती फळाफुलांची वही बंद करायला सांग. रागाने नाही, पण सांग. फ्रेंच माणसाला इंग्लिश शब्दांची ददात नसते, निम्मं सामान त्यांच्याच घरातून गेलेलं आहे. १०६६ ला नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि पुढे कितीतरी पिढ्या तिथला दरबार, कोर्ट, सरदार मंडळी फ्रेंचमध्येच व्यवहार करत होती. कोर्टातले दावे इंग्लिशमध्ये चालवा असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. त्यामुळे जस्टिस, गव्हर्नमेंट, कलर, फ्लॉवर, डिनर, ब्यूटी, आणि ते शेवटी "शन" असलेले शेकडो शब्द बाईंना दिसले की ओळखू येतात. पण रोजचं जे खाणं-पिणं-उठणं-बसणं आहे ते इंग्रजांनी आपलं जुनंच ठेवलं. मराठीत नाही का, अर्ज, वकील, फिर्याद, मुदत हे सगळं फारसी अमलातून आलं पण ये, जा, बस, ऊठ, घे, ठेव हे आपलंच राहिलं, तसंच.

म्हणजे गंमत अशी की फ्रेंच माणसाला अवघड इंग्लिश सोपं जातं आणि सोपं इंग्लिश अवघड जातं. "कंटिन्यू" येतं, "कीप गोइंग" येत नाही. "टॉलरेट" लगेच कळतं, "पुट अप विथ" म्हटलं की चेहरा कोरा. "डिसेंड" येतं, "गेट डाउन" नाही. आता तुझ्या शेजारणीला बोलायचंय कुणाशी, तर चार वर्षांच्या पोराशी. ते पोरगं काय "आय विश टू डिसेंड" म्हणणार आहे का? ते म्हणणार "पिक मी अप", "पुट मी डाउन", "टेक इट ऑफ", "कम ऑन". बाई बोलताना कंटिन्यू-डिसेंड करत राहिल्या तरी समोरच्याला कळेल, अडेल ते ऐकताना.

मग सुरुवात कुठून करायची. ऑग्डेन नावाच्या एका इंग्रज माणसाने १९३० साली बेसिक इंग्लिश म्हणून एक प्रकार काढला होता, एकूण शब्द ८५० आणि त्यात क्रियापदं किती तर फक्त १८. कम, गो, गेट, गिव्ह, टेक, पुट, कीप, लेट, मेक, से, सी, सेंड, डू, हॅव, बी, सीम आणि वर मे आणि विल. बाकी सगळं या क्रियापदांना इन, आउट, अप, डाउन, ऑन, ऑफ जोडून भागवायचं. ही पद्धत जगभर चालेल असं त्याला वाटत होतं पण लोकांनी तेव्हाच म्हटलं की बाबा रे, शब्द कमी केलेस पण जोड्या किती झाल्या, त्या कोण पाठ करणार. फ्रेंच लोकांना तर हा हिशेब अगदीच उलटा पडतो कारण वगळलेले शब्द त्यांना फुकटात येत होते आणि ठेवलेले येत नाहीत. पण तुझ्या बाईंच्या केसमध्ये मात्र मला ही यादी सोन्यासारखी वाटते, कारण नातू नेमका याच १८ शब्दांत जगतो. त्यातलं सीम आणि मे सोडून दे, बाकीची घे.

आणि पाठ नाही करायचं, करून बघायचं. बूट घाल म्हणजे पुट ऑन, काढ म्हणजे टेक ऑफ, उचल पिक अप, ठेव पुट डाउन, आत ये कम इन, बाहेर जा गो आउट, बस सिट डाउन, ऊठ गेट अप. तू ऑर्डर सोड, बाईंना करू देत, मग उलट. घरातलीच एक बॅग आणि जॅकेट पुरतं. यात एक मेख आहे ती आधीच सांगते, "पुट ऑन युअर शूज" चालतं, "पुट युअर शूज ऑन" पण चालतं, पण "देम" आलं की "पुट देम ऑन"च, "पुट ऑन देम" नाही. समजावत बसू नकोस, पन्नास वेळा म्हणून घे.

डू आणि मेक वेगळं घे. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच, "फेर". केक फेर, अभ्यास फेर, भांडी फेर, आणि हवासुद्धा फेर! थंडी आहे म्हणायला ते शब्दशः "ते थंड करतं" म्हणतात, त्यातून ते "इट मेक्स कोल्ड" आलंय. त्यांना एवढंच दे, हातात काहीतरी नवीन तयार झालं की मेक, काम उरकलं की डू. मेक अ केक, डू द डिशेस. मेक द बेड वगैरे अपवाद आहेत ते आल्यावर बघ.

से आणि टेलचं पण तेच, त्यांना दोन्हीला एक "दीर" आहे. टेलला लगेच माणूस लागतो, टेल मी, टेल हिम. सेला लागत नाही.

वयाचं आणि भुकेचं तर सगळ्यांना माहितीये, फ्रेंचमध्ये वय, भूक, तहान, भीती, थंडी सगळं माणसाजवळ "असतं", इंग्लिशमध्ये माणूस स्वतःच भुकेला, म्हातारा, घाबरलेला होतो. आय ॲम हंग्री, आय ॲम सिक्स्टी-टू. आपल्याकडे तिसरीच तऱ्हा, भूक लागते आणि भीती वाटते, आपण बिचारे काहीच करत नाही.

फसवे शब्द पुढच्या प्रतिसादात लिहिते, क्लासची वेळ झाली.

एकटा_जीव

एवढं सगळं कशाला? फोनवर ॲप टाकून द्या, रोज १५ मिनिटं, सहा महिन्यात बोलायला लागतील. माझ्या आईने असंच केलं, आता नातवंडांशी हिंदीत बोलते.

पेठेतली_फ्रेंचवाली

@एकटा_जीव आईंचं कौतुक, पण मराठी माणूस हिंदी शिकतो आणि फ्रेंच माणूस इंग्लिश बोलायला शिकतो यात फरक आहे हो. हिंदी लहानपणापासून टीव्हीवर, सिनेमात, एसटी स्टँडवर कानावर पडलेली असते. फ्रान्समध्ये परदेशी सिनेमा-सिरियल बहुतेक डब करून दाखवतात, त्यामुळे या वयाच्या माणसाच्या कानावर इंग्लिश पडलेलंच नसतं. ॲपने शब्द होतात, कान होत नाही. ॲप वाईट नाही, पण त्यावर वाक्य समोर लिहिलेलं असतं आणि फ्रेंच माणूस वाचायला लागला की घात होतो. का ते आता सांगतेच.

फसवे शब्द. यात दोन जाती आहेत. एक म्हणजे स्पेलिंग तेच पण अर्थाचा काही संबंध नाही. पी-ए-आय-एन इंग्लिशमध्ये दुखणं, फ्रेंचमध्ये पाव. सी-ओ-आय-एन इंग्लिशमध्ये नाणं, तिकडे कोपरा. सी-एच-ए-टी गप्पा, तिकडे मांजर. एफ-ओ-यू-आर चार, तिकडे ओव्हन. हे बघून हसू येतं आणि हसू आलं की लक्षात राहतं, त्यामुळे याचा फार त्रास नाही.

दुसरी जात खरी डेंजर, कारण अर्थ जवळचा वाटतो. फ्रेंच "दमाँदे" म्हणजे साधं विचारणं, मागणं. बाई विहिणीला अगदी नम्रपणे "आय डिमांड यू वन थिंग" म्हणतील आणि विहीण दचकेल. "अक्त्युएलमाँ" म्हणजे सध्या, ॲक्चुअली नाही. "लिब्रेरी" म्हणजे पुस्तकाचं दुकान. "आताँद्र" म्हणजे थांबणं, वाट बघणं, अटेंड नाही. आणि अटेंडला ते "असिस्ते" म्हणतात म्हणजे परत घोळ. "रेस्ते" म्हणजे राहणं, मुक्काम करणं, पण "आय रेस्ट अ मंथ इन कॉर्क" म्हटलं तर लोकांना वाटेल महिनाभर आराम करणार. "साँसिब्ल" म्हणजे हळवा, इंग्लिशमध्ये सेन्सिबल म्हणजे समंजस. जावयाला हळवा म्हणायला गेल्या आणि समंजस म्हणून आल्या तर चालेल, फायद्यातच पडेल. "मोने" म्हणजे सुट्टे पैसे, मनी नाही. "रेझँ" म्हणजे द्राक्षं, इंग्लिश रेझिन म्हणजे मनुका.

शिवाय फ्रेंचांनी स्वतःच बनवलेले इंग्लिश शब्द आहेत ते वेगळेच, तुला तिथे रोज दिसत असतील, कपडे इस्त्री-ड्रायक्लीन करायचं दुकान म्हणजे "प्रेसिंग", धावायला जाणं म्हणजे "फूटिंग", स्पोर्ट्स शूज म्हणजे "बास्केट". बाईंना हे पक्कं इंग्लिश वाटत असणार. कॉर्कमध्ये "आय पुट माय बास्केट" म्हटलं तर लोक टोपली शोधतील.

यातले ८-१० पुरे, यादी करू नकोस. बाई बोलताना जो सापडेल तो तिथेच पकड.

माँट्रियलकर

वा काय सुंदर धागा. फ्रेंचवाली ताईंनी शब्द आणि क्रियापदं घेतलीत तर मी प्रीपोझिशन्सवर लिहितो, कारण इकडे माझ्या ऑफिसात निम्मे लोक फ्रेंच मातृभाषेचे आणि मी रोज हे ऐकतो. मी कुणी मास्तर नाही, कोड लिहितो, पण ऐकून ऐकून पॅटर्न लक्षात आलाय.

आधी एक मजा. इकडे लोक सर्रास "क्लोज द लाइट", "ओपन द लाइट" म्हणतात कारण क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये लाइट "बंद" करतात आणि "उघडतात". मी नवीन होतो तेव्हा मला यात काही खटकलंच नाही, कारण आपण पण लाइट बंदच करतो ना! खटकलं ते माझ्या ओंटारियोच्या मॅनेजरला.

तर हे मला नंतर जाणवत गेलं की मराठी माणसाला फ्रेंचांच्या बऱ्याच चुका आतून कळतात, तुम्हाला वाटतं तेवढं समजावणं कठीण नाही. फ्रेंचचा जो "आ" आहे, एकच अक्षर, त्याला साधारण आपला "ला" समजा. मी पुण्याला राहतो, मी पुण्याला गेलो, दोन्हीला आपल्याला "ला" चालतं, फ्रेंचला पण दोन्हीला "आ तुलूज" चालतं. इंग्लिशला नाही चालत, राहतो असेल तर इन, चाललो असेल तर टू. त्यामुळे फ्रेंच माणूस "आय गो ॲट कॉर्क", "आय गो इन आयर्लंड" असं काहीतरी बोलतो. त्यांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा, माणूस हलतोय का बसलाय? हलतोय तर टू. बसलाय तर इन किंवा ॲट.

पुढचं, त्याला विचारलं, त्याला फोन केला, त्याला उत्तर दिलं. मराठीत तिन्हीकडे ला, फ्रेंचमध्ये तिन्हीकडे आ, इंग्लिशमध्ये काहीच नाही. आस्क हिम, फोन हिम, आन्सर हिम. म्हणून बाई "आय फोन टू माय डॉटर" म्हणत असणार, बघा. आणि याच्या बरोब्बर उलट, जिथे इंग्लिशला काहीतरी लागतं तिथे फ्रेंचला काही लागत नाही. वेट फॉर, लिसन टू, लुक ॲट, लुक फॉर, पे फॉर. फ्रेंचमध्ये ही सगळी एकेकटी क्रियापदं आहेत, पुढे थेट माणूस किंवा वस्तू येते. म्हणून "आय वेट माय डॉटर". माझ्या मते हे नियम म्हणून शिकवूच नका, "वेटफॉर" हा एकच अख्खा शब्द आहे असं सांगा, वहीत पण जोडूनच लिहायला लावा. लिसनटू, लुकॲट, लुकफॉर. इकडच्या एका कलीगला मी असंच सांगितलं होतं आणि ते बसलं त्याच्या डोक्यात.

"शे" हा त्यांचा फार लाडका शब्द, शे म्वा म्हणजे माझ्याकडे, तसंच शे लावून डॉक्टरांकडे, शेजाऱ्यांकडे. हा आपला "कडे" आहे आणि इंग्लिशमध्ये याला शब्दच नाही. ॲट माय प्लेस, ॲट द डॉक्टर्स, ॲट युअर मदर्स असं त्या ॲपॉस्ट्रॉफी एसने भागवायचं. बाईंना हे खूप लागेल कारण मुलीकडे, विहिणीकडे, हेच चालणार महिनाभर.

गाड्यांचं: फ्रेंचमध्ये पण आपल्यासारखंच सगळं "मध्ये", ट्रेनमध्ये, बसमध्ये, विमानामध्ये. इंग्लिशमध्ये ऑन द ट्रेन, ऑन द बस, ऑन द प्लेन पण इन द कार, इन अ टॅक्सी. जिथे उभं राहून चालता येतं तिथे ऑन, जिथे वाकून शिरावं लागतं तिथे इन, एवढं धरलं तर बहुतेक वेळा बरोबर येतं. फोटोचं उलटं, ते फोटो"वर" म्हणतात आणि इंग्लिशमध्ये इन द फोटो, आपल्या फोटोतसारखं. नातवाचे फोटो दाखवताना उपयोगी पडेल.

वार-वेळेला: वाजले असतील तर ॲट, वार-तारीख असेल तर ऑन, महिना-वर्ष असेल तर इन. सकाळी-संध्याकाळी इन द मॉर्निंग, इन द ईव्हनिंग पण ॲट नाइट, का ते विचारू नये. फ्रेंचमध्ये वाराला आणि सकाळला काहीच लागत नाही म्हणून ते "आय कम मंडे मॉर्निंग" म्हणतात, कुणाला कळत नाही असं नाही, सोडून द्या.

आता माझा खरा मुद्दा, त्या अप-डाउन-आउट-अक्रॉसचा. भाषाशास्त्रात टॅल्मी म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहेत त्यांनी हे मांडलंय की काही भाषा दिशा क्रियापदात ठेवतात आणि काही बाहेर ठेवतात. इंग्लिश बाहेर ठेवते. क्रियापदात कसं केलं ते, आणि दिशा शेपटीला. ही रॅन डाउन. शी स्वॅम अक्रॉस. फ्रेंच काय करते, क्रियापदात दिशा, आणि कसं ते जोडीला, तो पळत उतरला, तिने पोहत नदी ओलांडली. लक्षात आलं? हे मी मराठीत लिहिलं आणि फ्रेंच रचना पण तशीच निघाली! चढला, उतरला, शिरला, निघाला, ओलांडला, यातल्या प्रत्येकाला फ्रेंचमध्ये एकेक सुटं क्रियापद आहे. म्हणून बाईंना "रन डाउन" म्हणजे रन कळतं आणि डाउन हा फालतू शब्द वाटतो, त्या गाळून टाकतात, आणि वाक्याचा जीव तर त्या डाउनमध्येच असतो. तुम्ही त्यांना सांगा की इंग्लिश ऐकताना क्रियापद हुकलं तरी चालेल, शेपूट पकडा. अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ, बॅक, अवे. नातू लांबून ओरडला आणि नुसतं "...आउट!" ऐकू आलं तरी बाहेर जायचंय हे कळेल.

गारोनकाठची

बापरे, तुम्ही लोक म्हणजे कमाल आहात. ते वेटफॉर जोडून लिहायचं आज सांगितलं, बाईंनी लगेच वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली लाल रेघ. आणि फोन टू माय डॉटर! अगदी तेच म्हणतात हो!

अजून दोन ठिकाणी अडतंय. एक, "आय लिव्ह इन तुलूज सिन्स थर्टी इयर्स". मला ऐकायला ठीकच वाटत होतं पण मुलगी म्हणाली चूक आहे. दुसरं म्हणजे ही आणि शी त्यांना नीट येतं पण जावयाच्या आईबद्दल सांगताना "ही कॉल्स हर मदर एव्हरी संडे" म्हणाल्या, मला वाटलं जावई मुलीच्या आईला म्हणजे यांनाच फोन करतो! मी म्हटलं वा काय जावई आहे.

पेठेतली_फ्रेंचवाली

हाहा. जावई चांगलाच असणार पण इथे दोष त्याचा नाही.

फ्रेंचमध्ये त्याची आई आणि तिची आई दोन्हीला "सा मेर" म्हणतात. "सा" का, तर आई बाई आहे म्हणून, मालक कोण आहे त्याच्याशी त्या शब्दाला कर्तव्य नाही. इंग्लिशचं बरोबर उलट, हिज-हर मालक बघून ठरतं, आई असो का बाप. म्हणून फ्रेंच माणूस आई दिसली की हर म्हणतो. मराठीत आपण दोन्ही सांभाळतो, "त्या"ची का "ति"ची ते मालकावरून आणि शेवटचा चा-ची-चं वस्तूवरून, त्यामुळे आपल्याला हा गोंधळ समजायलाच वेळ लागतो. उपाय सोपा आहे आणि फ्रेंचमध्येच आहे, ते लोक स्वतःच घोळ झाला की मागे "आ लुई" किंवा "आ एल" जोडतात, म्हणजे त्याची बरं का, तिची बरं का. बाईंना सांग की हिज-हर म्हणायच्या आधी मनात ते जोडून बघा. आ लुई आलं की हिज. फॅमिली फोटो घेऊन बसा आणि हिज मदर, हर फादर, हिज सिस्टर, हर ब्रदर, दहा मिनिटं एवढंच.

सिन्सचं तुला ठीक वाटलं कारण आपण पण तेच बोलतो! "मी तीस वर्षांपासून इथे राहते", वर्तमानकाळ आणि पासून. फ्रेंचमध्ये "दप्वी" आणि वर्तमानकाळ. इंग्लिशला दोन्ही मान्य नाही. कालावधी असेल तर फॉर, सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स, आणि क्रियापद हॅव लावून. आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थर्टी इयर्स, किंवा सिन्स १९९५. आपल्याकडचं "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स" पण त्याच कुळातलं, त्यामुळे इथे तू आणि बाई एकत्रच शिका.

आणि यालाच लागून अगो घे. फ्रेंचमध्ये तीन दिवसांपूर्वीला "इल या" म्हणतात आणि ते आधी येतं. हेच इल या "आहे" म्हणायला पण वापरतात, त्यामुळे नवखा माणूस "देअर इज थ्री डेज" म्हणतो आणि समोरचा पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. अगो मागून येतं हे आपल्याला सोपं, दिवसांपूर्वी, दिवसांनी, आपलं सगळंच मागून येतं.

काळांचं फार काही काढू नकोस. एकच सांग, आत्ता या क्षणी चाललंय त्याला आयएनजी. फ्रेंचमध्ये जेवते आणि जेवतेय एकच असतं त्यामुळे ते आयएनजी लावायलाच विसरतात. आपलं उलट, आपण "आय ॲम हॅविंग अ डाउट"वाले, नको तिथे लावतो. तू शिकवताना जरा हात आखडता घे.

दुसरं, हॅव आणि काल एकत्र आणायचं नाही. "आय हॅव सीन हिम यस्टरडे" हे फ्रेंचमधून सरळ उतरतं कारण त्यांचा रोजचा भूतकाळच हॅवने बनतो. काल, गेल्या वर्षी, अगो, असं काही आलं की नुसतं सॉ, वेंट, केम. हे अनियमित भूतकाळ तेवढे पाठ करायला लावायला हरकत नाही, पण ते पण फक्त त्या १८ मधले. वेंट, केम, गॉट, गेव्ह, टुक, मेड, सेड, सॉ, सेंट. पुट आणि लेट बदलत नाहीत, ते फ्री.

लियोंची_चहावाली

मी पण फ्रान्समध्येच आहे म्हणून थोडं व्यवहाराचं. कुणीतरी बाईंना सांगेलच की सेपेएफच्या (नोकरदारांच्या नावावर कोर्ससाठी पैसे जमतात ते सरकारी खातं) पैशातून क्लास लाव, तर त्या पूर्ण पेन्शनवर रिटायर झाल्या असतील तर ते खातं वापरता येत नाही, त्यात वेळ घालवू नका. (इतर वाचणाऱ्यांसाठी: नोकरी करत असाल तर वर्षाला साधारण ५०० युरो जमतात, कमाल ५०००, आणि २०२४ च्या मे पासून प्रत्येक कोर्सला थोडे पैसे स्वतःचे भरावे लागतात (सुरुवातीला १०० युरो होते), नोकरी शोधणाऱ्यांना ते माफ आहेत. शेवटी परीक्षा असलेलाच कोर्स चालतो. आणि तुमचं खातं संपतंय, लगेच कोर्स घ्या असा फोन आला तर ठेवून द्या, असे विक्रीचे फोन करायला कायद्यानेच बंदी आहे.)

त्यापेक्षा जवळच्या मेदियातेकमध्ये (सार्वजनिक वाचनालयात) चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी इंग्लिश गप्पांचे ग्रुप असतात, आणि लहान मुलांच्या विभागात इंग्लिश चित्रांची पुस्तकं असतातच. बाईंनी तीच आणावीत. चार वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात सगळं तेच असतं, अंडर द बेड, बिहाइंड द डोअर, ऑन द चेअर. नातवाला वाचून दाखवायचं म्हणून मोठ्याने वाचतील, अभ्यास म्हणून कुणी वाचत नाही. टीव्हीवर पण बऱ्याच परदेशी कार्यक्रमांना रिमोटवरून मूळ आवाज लावता येतो, भाषेच्या सेटिंगमध्ये बघा.

उच्चारांवर कुणीच बोललं नाही म्हणून, थ-द सोडून द्या, "झिस" म्हटलं तरी आयरिश लोकांना कळतं, ते स्वतःच "थ्री"चं "ट्री" करतात. पण ह मात्र घ्या. फ्रेंचमध्ये ह म्हणतच नाहीत त्यामुळे आय ॲम हंग्री आणि आय ॲम अँग्री एकच ऐकू येतं, आणि कधी कधी नको तिथे ह लावतात ते अजून वाईट. आमच्या सोसायटीतल्या आजोबांना मी आरशावर वाफ काढायला लावली होती, वाफ आली तर ह आला. दोन-तीन दिवसात जमलं.

एकटा_जीव

बरं ॲप मागे घेतो. पण माझा एक प्रश्न, हे सगळं उलटं करून मला फ्रेंच शिकता येईल का? पुढच्या महिन्यात ऑफिसचं पॅरिस आहे.

पेठेतली_फ्रेंचवाली

येईल, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको. आणि तिकडे गेल्यावर जॅमच्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह आहे का असं फ्रेंचमध्ये दुकानदाराला विचारू नका, आधी माँट्रियलकरांना विचारा त्याचा अर्थ काय होतो.

माँट्रियलकर

मला कशाला मध्ये ओढताय ताई 😄 व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा @एकटा_जीव, इथे लहान मुलं पण वाचतात.

@गारोनकाठची बाई निघायच्या आधी एकदा मुलीकडे व्हिडिओ कॉल लावून नातवाला नुसत्या ऑर्डरी सोडायला सांगा, स्टँड अप, सिट डाउन, कम बॅक, टेक इट ऑफ. ते पोरगं खूश होईल आजीला नाचवायला.

गारोनकाठची

रविवारी लावतोय कॉल. बाईंनी आत्ताच विचारलंय की सॉक्सचे दोन असतात तर "टेक इट ऑफ" का "टेक देम ऑफ". मी म्हटलं देम. बरोबर ना?

पेठेतली_फ्रेंचवाली

बरोबर. एकच काढायचा असेल तर इट.